शाकाहारी मारामारी

अक्का आम्हाला नावानं कधीच हाक मारायच्या नाहीत. पोरगी ज्या गावची, तेच तिचं नाव. लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांच्या घरी आम्ही अकरावी-बारावीच्या सहा मुली भाड्यानं राहत होतो. माझ्या खोलीतली मैत्रीण निलंगा, समोरच्या खोलीत उदगीर आणि अहमदपूर, आणि मी देवणी. बाकीच्यांचं ठीक होतं. पण "ए देवणी, पाणी पिलीस का?" अशी हाक अंगणातून आली की रस्त्यानं जाणारा माणूस फाटकावरून डोकवायचा, कारण आमच्या भागात देवणी म्हटलं की आधी त्या जातीची गाय डोळ्यांपुढं येते आणि मग गाव. एकदा तर एक शेतकरी सायकल लावून आत आला आणि "कितव्या वेताची हाय?" म्हणून विचारायला लागला. अक्कांनी माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "बारावी सायन्स."

घर चांगलं होतं. तीन खोल्या, स्वयंपाकघर, वर भक्कम स्लॅब. फक्त अक्का त्यात राहत नव्हत्या. भूकंपाच्या त्या पहाटे त्यांची धाकटी बहीण किल्लारीकडच्या एका खेड्यात गेली. ती गेली दगडमातीच्या माळवदाखाली, पण अक्कांनी वैर धरलं ते स्लॅबशी. त्याच आठवड्यात अंगणात पत्र्याचं शेड उभं केलं. कॉट, शेगडी, देव आणि टीव्ही तिकडं नेला, आणि त्यानंतर घराचा उंबरा ओलांडला नाही. बाकीचं लातूर वर्षभरात अंगणातून पुन्हा घरात गेलं. अक्का गेल्या नाहीत. अक्कांचे मालक त्याच्याही आधी वारलेले, एकुलता एक मुलगा नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला. घर रिकामं पडलं आणि तेवढ्यात लातूरला ट्युशनचं पीक आलं. चार जिल्ह्यांतून पोरं येऊन पडायला लागली, गोठ्यालासुद्धा भाडेकरू मिळायला लागले. अक्कांनी घर मुलींना दिलं.

माझ्या वडिलांनी खोली बघताना विचारलं होतं, "घर मजबूत आहे ना?"

"मजबूत हाय की," अक्का अंगणातूनच म्हणाल्या. "म्हणून तर भ्या वाटतंय. पडलं तर सगळंच पडंल."

"मग मुलींचं काय?"

"त्यांचे पाय तरणे हायत. पळत्यात."

दुसरी खोली मिळणार नव्हती म्हणून वडिलांनी भाडं मोजून दिलं.

अक्कांचा आमच्याशी सगळा व्यवहार खिडकीतून चालायचा. भाकरी खिडकीतून, पोस्टातलं पत्र खिडकीतून, रागावणंही खिडकीतूनच. आतलं झाडणं-पुसणं आमच्याकडं होतं. ते आम्ही कसं करत होतो हे त्यांना कधीच दिसत नव्हतं, आणि सहा मुलींच्या सुखाचं निम्मं कारण हेच होतं.

आता एका व्हिडिओ गेमची गोष्ट. अक्कांचा मुलगा दुसऱ्या वर्षाला चार विषयांत बसला. बसला म्हणजे नापास झाला. अक्का एस.टी.नं विष्णुपुरीला गेल्या, होस्टेलच्या अंगणात उभं राहून त्याला सामानासकट खाली बोलावलं आणि झडती घेतली. पुस्तकं कोरी निघाली आणि एका टॉवेलात गुंडाळलेला व्हिडिओ गेम निघाला. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. तो त्यांनी जप्त करून लातूरला आणला.

दुसरी कुणी आई असती तर तिनं तो हौदात बुडवला असता. अक्कांनी मला खिडकीतून हाक मारली.

"देवणी, हे जोडता येतंय का तुला?"

"कशाला अक्का?"

"बघू तरी, माझं पोरगं कशापायी नापास झालं."

मी वायरी जोडल्या. पडद्यावर जपानी की चिनी अक्षरं आली. गेमचं नाव आम्हाला शेवटपर्यंत वाचता आलं नाही. अक्का त्याला "ते गुंडांचं" म्हणायच्या. गोष्ट सोपी होती. एका मोठ्या शहरात गुंडांच्या टोळ्या माजलेल्या. प्रत्येक गल्लीत एक टोळी. आपला माणूस पांढरी बनियन घालून डावीकडून उजवीकडं चालत निघतो आणि भेटेल त्याला मारतो. गल्ली संपली की टोळीचा दादा येतो. त्याला मारलं की पुढची गल्ली.

अक्का पाटावर बसून, चष्मा पुसून, एखाद्या खटल्याचा निकाल द्यायचा असल्यासारख्या बघत होत्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी विचारलं, "याचं नाव काय?" नाव नव्हतं. "घरी कोण असतं?" ते दाखवलेलं नव्हतं. "अंगावर सदरा कामून न्हाई?" मी पुढच्या गुंडाला लाथ मारली.

"म्हणजे पोरगं यापायी नापास झालं," अक्का म्हणाल्या, "अन् यात तर माणसाचा पत्तासुद्धा न्हाई."

पण त्यांनी गेम बंद करू दिला नाही. रोज संध्याकाळी क्लासहून आले की अर्धा तास मी खेळायचं आणि अक्कांनी बघायचं, असा नेमच झाला. तपास चालू आहे, असं त्या म्हणायच्या. मीच का, तर निलंगाला दोन बटणं एकदम दाबता यायची नाहीत आणि बाकीच्या मुली पीसीएम-पीसीबीच्या बाहेर बघायला तयार नव्हत्या.

काही गोष्टी त्यांना मनापासून आवडल्या. मार खाल्लेला गुंड जमिनीवर पडला की दोन-तीनदा लुकलुकून नाहीसा व्हायचा. अक्का म्हणायच्या, "घरी गेला." प्रत्येकाच्या मागं त्या हे म्हणायच्या, शंभर गुंड पडले तर शंभर वेळा. गुंड घोळक्यानं येऊनही मारायला मात्र एकेक जण पुढं व्हायचा, बाकीचे हात चोळत थांबायचे, याचंही त्यांना कौतुक. "शिस्त बघ किती! एस.टी.त चढताना माणसं अशी आली असती तर एवढ्या खिडक्या फुटल्या नसत्या."

काही गोष्टी मुळीच चालायच्या नाहीत. दुसऱ्या गल्लीत टेलिफोनचा बूथ फोडला की आतून सफरचंद मिळतं. अक्कांनी माझा हात धरला. "एसटीडी बूथ हाय तो. एखाद्या अपंगाला मिळाला असंल. न्हाई फोडायचा." मी तेव्हापासून बूथ फोडला नाही. त्याच गल्लीच्या टोकाला मारामारी एका गोदामात शिरायची. तिथं अक्का पाटावरून उठून शेडच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि त्या बनियनवाल्याला ओरडून सांगायच्या, "बाहेर ये रे, स्लॅबखाली भांडू नको!"

पण सगळ्यात मोठा वाद झाला तो कोंबडीचा.

रस्त्यात ठेवलेली पिंपं फोडली की आतून काहीबाही निघायचं. कशातून सफरचंद, कशातून भाजलेली आख्खी कोंबडी. सफरचंद खाल्लं की थोडी ताकद यायची, कोंबडी खाल्ली की पूर्ण. पहिल्यांदा कोंबडी निघाली तेव्हा ती लाल-तपकिरी वस्तू काय आहे हे अक्कांना कळलं नाही. मी बटण दाबलं. बनियनवाला वाकला आणि खाऊन उठला.

"काय खाल्लं त्यानं?"

मी खरं सांगून बसले.

अक्का लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, घरात अंड्याचा फोटोसुद्धा चालत नसे. शेडात देव होते आणि देवांसमोरच टीव्ही होता. "शिव शिव! रस्त्यावर पडलेली, पिंपातली, कवाची असंल ती!" त्यांनी देवांपुढं पडदा ओढला. मग मला समोर बसवून सांगितलं, "खेळायचं तर खेळ. पण या घरात कोंबडी खायची न्हाई. सफरचंद खा. सफरचंदावर माणूस जगतो."

सफरचंदावर माणूस तिसऱ्या गल्लीत मरायचा. तिथं दोन साखळीवाले आणि एक टकल्या एकदम यायचे. मी महिनाभर तिथं मरत होते.

तोपर्यंत गल्लीत या गेमबद्दल मतं तयार झाली होती. शेडच्या दाराला कवाड नव्हतंच, त्यामुळं ज्याला वेळ तो येऊन उभा राहायचा. शेजारचे निवृत्त जमादार कमरेवर हात ठेवून बघायचे आणि मान हलवायचे. "एकटा माणूस चाळीस जणांना मारून राहिला. पंच न्हाई, साक्षीदार न्हाई, हत्यार जप्त न्हाई. कोर्टात ही केस टिकत न्हाई, अक्का." कोपऱ्यावरच्या शिंपिणीला गोष्ट पसंत होती, पण गुंडांच्या पँटी मांडीत घट्ट बेतल्यात, लाथ मारताना उसवणार, असं तिचं ठाम मत होतं.

आणि एकदा आमचे गणिताचे सर आले. मुली अभ्यास करतात का हे बघायला ते घरोघर अचानक जायचे. मला रिमोटसकट पकडलं तेव्हा माझं संपलंच असं मला वाटलं. पण सरांची नजर पडद्यावर गेली आणि तिथंच अडकली. दहा मिनिटं बघून ते म्हणाले, "फसवणूक आहे ही. गुंड खरे पाचच आहेत. शर्टाचा रंग बदलून तेच ते परत येतात."

अक्कांनी त्यांना पाट दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यात बी तसंच हाय की, सर. पेपरात बघते मी. पहिला आलेला पोरगा एकच, अन् फोटो तीन क्लासच्या जाहिरातीत."

सरांनी चहा अर्धा सोडला. त्यानंतर ते आमच्या घरी अचानक कधी आले नाहीत.

असं चाललं असताना मी ते पाप केलं.

एका सोमवारी अक्का दळण घेऊन गिरणीवर गेल्या होत्या. शेडात मी आणि निलंगा. निलंगा म्हणाली, "एकदा खाऊन तर बघ. शेवटी काय होतं ते तरी कळंल." मी देवांकडं बघितलं. पडदा ओढलेला होता. त्या दिवशी बनियनवाल्यानं पाच कोंबड्या खाल्ल्या. आम्ही सहाव्या गल्लीपर्यंत पोचलो, उंच इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरच्या मोठ्या दादाला पाडलं, आणि पडद्यावर सूर्य उगवला. त्या सूर्याकडं बघत आम्ही दोघी उड्या मारत होतो आणि तेवढ्यात अक्का डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आल्या.

"संपला?" त्यांनी विचारलं.

"संपला!"

"कोंबडी न खाता?"

मला अजून आठवतं, निलंगानं माझ्याकडं बघितलं आणि मग पायांकडं बघितलं. मी म्हणाले, "हो."

अक्कांनी पिठाचा डबा खाली ठेवला आणि पिठाच्या हातानं माझी दृष्ट काढली. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. जमादार म्हणाले, "मानलं पोरीला." शिंपिणीनं शेंगदाण्याचा लाडू पाठवला. त्यातला अर्धा मी निलंगाला दिला.

गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण अक्कांनी बूथवरून मुलाला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "तू कोंबडी खात होतास का रे त्या खेळात?" तिकडून मुलानं काहीतरी सांगितलं. अक्कांचा चेहरा बदलला. "कोण म्हणालं, खाल्ल्याबिगर फुडं जाता येत न्हाई? दुकानदार? कोणचा दुकानदार? नांदेडचा?"

त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "रविवारी नांदेडला जायचं. तो माणूस लोकांच्या पोरांना खोटं सांगून कोंबडी खायला लावून राहिलाय. त्याला तू दाखवायचं."

मी क्लास आहे म्हणाले, पोट दुखतं म्हणाले, घरून पत्र येणार आहे म्हणाले. रविवारी सकाळी मी एस.टी.त अक्कांच्या शेजारी बसलेली होते आणि माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला तो गेम होता. एस.टी.चं छत पत्र्याचं, म्हणून अक्का निवांत होत्या. मी नव्हते. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा पळून जावं असं मनात आलं होतं.

दुकान नांदेडात वजिराबादच्या मागच्या गल्लीत होतं. तीन मजली इमारत, खाली ओळीनं गाळे, हा शेवटचा. आत रेडिओचे सांगाडे, घड्याळं, कॅसेटींची चवड, आणि एका टीव्हीपुढं आठ-दहा कॉलेजची पोरं. दुकानदार किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, हातात वायरींना डाग द्यायची गरम सळई. अक्कांनी वर तीन मजले मोजले आणि रस्त्यावरच उभ्या राहिल्या.

"आओ ना अम्मा, अंदर आओ," दुकानदार म्हणाला.

"मी हितंच बरी हाय. तुमी बाहेर या."

तो सळई घेऊनच पायरीवर आला. "कॅसेट खराब निकली क्या?"

"कॅसेट चांगली हाय. तुमी खोटं बोलले."

"मैं? मैं क्या झूट बोला अम्मा?"

"माझ्या पोराला बोलले, कोंबडी खाल्ल्याबिगर फुडं जाता येत न्हाई."

"हौ. नईं जा सकते. तीसरी गल्ली में मर जाते."

"ही गेली." अक्कांनी मला पुढं ढकललं. "शेवटापर्यंत गेली. सफरचंदावर."

दुकानदारानं चष्मा कपाळावर घेऊन माझ्याकडं बघितलं. "ये बच्ची?" मग त्याला काहीतरी आठवलं. "अम्मा, आप का लडका कौनसा? वो विष्णुपुरीवाला? लंबा, दुबला?"

"तोच."

"अरे, उनो तो दूसरी गल्ली के आगे कब्बी गयाच नईं. मुर्गी खाके बी नईं गया!"

आतली पोरं हसली.  मला वाटलं, आता अक्का मुलाची बाजू घेऊन भांडणार. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे नापास बी झाला अन् हरला बी?"

दुकानदाराला ते एवढं लागलं की त्यानं त्यांच्यासाठी खुर्ची आणून रस्त्यावर मांडली. मग शर्त ठरली. मी त्याच्या टीव्हीवर, त्याच्यासमोर, कोंबडीला हात न लावता गेम संपवायचा. संपवला तर कॅसेट बदलून मिळेल, पाहिजे ती. नाही संपला तर अक्कांनी सगळ्यांपुढं म्हणायचं, की तुमचं खरं, माझं खोटं.

अक्का एका शब्दात म्हणाल्या, "कबूल." त्यांना काय माहीत!

मी आत जाऊन बसले. माझी पाठ दाराकडं होती. हातांना एवढा घाम सुटला होता की रिमोट ओढणीनं पुसावा लागला. पोरं खांद्यावरून वाकून बघत होती. एक जण म्हणाला, "लडकी है, पैलेच गल्ली में जाती." पहिल्या गल्लीत मी एकही फटका खाल्ला नाही. दुसऱ्या गल्लीत बूथ आला, मी तो सोडून पुढं गेले, तेव्हा पोरांत कुजबुज झाली.

"उसमें सेब है, बेन!"

"अपंगाचा आहे तो," मी म्हणाले. सवयच लागलेली. 

रस्त्यावरून अक्कांचा आवाज येत होता. "कुठवर आली?" पोरं ओरडून सांगायची, "तीसरी गल्ली, अम्मा!" "पडला का टकल्या?" "पड गया!" "घरी गेला," अक्का म्हणायच्या, आणि थोड्या वेळानं ती पोरंही प्रत्येक गुंडामागं "घरी गेला" म्हणायला लागली.

तिसरी गल्ली मी कशी पार केली मला सांगता येणार नाही. महिनाभर तिथं मेलेली असल्यामुळं साखळीवाला कधी हात उचलतो हे मला पाठ झालं होतं, आवर्तसारणीसारखं. चौथी झाली. पाचवी झाली. सहाव्या गल्लीत इमारतीचा शेवटचा मजला आला आणि मोठा दादा खुर्चीतून उठला. त्याची छाती आमच्याकडच्या वळूसारखी. माझी ताकद नखाएवढी उरली होती आणि त्याची निम्मी बाकी. मी मागं मागं सरकले, भिंतीशी एक पिंप होतं, ते चुकून फुटलं आणि आतून कोंबडी पडली.

पोरं किंचाळली, "खा ले! खा ले!"

दुकानदार सळई उंच करून ओरडला, "नक्को! शर्त है!"

मी खाल्ली नसती. अगदी खरं सांगते, त्या क्षणी मला मरायचं होतं, पण खायची नव्हती. आधीच्या पाच कोंबड्या माझ्या डोक्यावर होत्या. दादानं लाथ उगारली आणि माझ्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी ओरडलं,

"खा की गं! मरशील!"

मी खाल्ली आणि मान वळवली. अक्का माझ्या मागं उभ्या होत्या. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातानं एका पोराची कॉलर धरलेली, त्याला बाजूला करायला. डोक्यावर तीन मजले. त्यांचं लक्ष फक्त पडद्याकडं होतं. "बघ, बघ, तिकडं बघ!" म्हणून त्यांनी माझं डोकं टीव्हीकडं फिरवलं. मी चार फटक्यांत दादाला पाडलं.

"घरी गेला!" सगळं दुकान एकदम म्हणालं. सूर्य उगवला.

दुकानदारानं सळई खाली ठेवली. "अम्मा, मुर्गी खाई. मैं जीता."

"कुठं खाल्ली? औषध घेतलं," अक्का म्हणाल्या. "आजाऱ्याला औषध म्हणून दिलं तर दोष न्हाई. तुमच्यात चालत न्हाई का?"

 तो चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला. "चलता अम्मा, चलता. लेव, कौनसी होना कॅसेट?"

अक्कांनी तिथंच, स्लॅबखाली, एकेक कॅसेट लावून बघितली. एकीत बदकं मारायची होती. "शिव शिव, बाजूला ठेव." एकीत बेडूक माशा खात होता. एकीत रणगाडे होते आणि माणसं दिसतच नव्हती. एकीत विमान, तेही बॉम्ब टाकणारं. शेवटी त्यांनी आपली पिवळी कॅसेट उचलली. "हीच बरी. यात कुणी मरत तरी न्हाई." दुकानदारानं ती नीट कागदात बांधून दिली आणि पायरीपर्यंत सोडायला आला. रस्त्यावर आल्यावर अक्कांनी पदर सारखा केला. आपण कुठून बाहेर आलो हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी आठवण करून दिली नाही.

परतीच्या एस.टी.त त्या कंडक्टरला सांगत होत्या. "ही पोरगी. सहा गल्ल्या. शेवटाला एवढंसं औषध, तेबी मीच म्हणाले म्हणून. लातूरला तर तेबी न्हाई घेतलं." कंडक्टर माझ्याकडं कौतुकानं बघत होता. लोहा गेलं. माळाकोळी गेलं. मला ते ऐकवेना.

"अक्का," मी म्हणाले, "लातूरला पाच खाल्ल्या होत्या."

"काय पाच?"

"कोंबड्या. तुम्ही गिरणीवर गेला होता तेव्हा."

 अक्का उठल्या, टॉवेल माझ्या मांडीवरून उचलला आणि पुढं दाराजवळच्या सीटवर जाऊन बसल्या. लातूरपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही. फाटक उघडून सरळ शेडात गेल्या. त्या संध्याकाळी भाकरी खिडकीतून आली, पण भाकरीमागचा हात बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासहून येऊन मी पुस्तक उघडून बसले होते. निलंगा वेणी घालत होती. अंगणातून पावलं आली, खिडकीशी थांबली नाहीत, पायरी चढली आणि आमच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"अजून काय काय लपवलंय?" अक्का म्हणाल्या. "दाव! आजच दाव!"

निलंगाच्या हातातला कंगवा पडला. अक्का एवढ्या रागात होत्या की आपण कुठं उभ्या आहोत हे त्यांना कळलेलं नव्हतं. त्यांनी माझी ट्रंक उघडली, बंद केली, गादी उचलली. आणि मग त्यांना भिंत दिसली.

त्या भिंतीवर आम्ही खडूनं सेंद्रिय रसायनशास्त्र लिहिलं होतं. पूर्ण. खालपासून हात पोचेल तिथवर. जिथं खडू संपला तिथं कोळसा वापरला होता.

"ही माझी भिंत हाय?"

 त्या पुढच्या खोलीत गेल्या. तिथं उदगीर आणि अहमदपूरनं कपडे वाळवायला भिंतीत अकरा खिळे ठोकले होते. तिसऱ्या खोलीत खाटेखाली मांजरीनं पिल्लं घातली होती आणि त्या खोलीतल्या मुली त्यांना वाटीनं दूध पाजत होत्या. अक्का प्रत्येक दारात उभ्या राहून हात जोडायच्या, कपाळावर मारून घ्यायच्या आणि पुढं जायच्या. "मांजर! घरात मांजर! चार वर्षं मी हितं दहा पावलांवर अन् माझ्या घरात मांजर बाळंत झाली!" आम्ही सहा मुली त्यांच्या मागून रांगेनं चालत होतो, एकेक जण पुढं होऊन बोलणी खात होती, बाकीच्या हात चोळत थांबत होत्या.

स्वयंपाकघरात त्या थांबल्या. वर बघितलं.  निलंगानं माझं मनगट घट्ट धरलं. अक्का वर बघतच होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत होता, आणि त्या आता पळणार, असं मला वाटलं. मी दारातून बाजूला झाले, त्यांना वाट मोकळी असावी म्हणून.

"जाळी," अक्का म्हणाल्या. आवाज जरा बसला होता. "किती जाळी झाल्यात ती. स्टूल आण, देवणी. अन् केरसुणी."

मी स्टूल आणलं. त्या चढल्या. आम्ही चौघींनी स्टूल चार बाजूंनी धरलं. अक्कांनी डोक्याला पदर बांधला आणि स्लॅब झाडायला सुरुवात केली. आधी काठाकाठानं, मग मध्ये. धूळ आमच्या डोळ्यांत पडत होती, पण कुणी हात सोडला नाही. मनगटानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "धूळच लई हाय."

तेवढ्यात अंगणात जमादारांचा आवाज आला. नांदेडच्या केसचा निकाल काय लागला हे विचारायला ते आले होते. शेडात डोकावले, तिथं कुणी नव्हतं.

"अक्का?" त्यांनी हाक मारली. "ओ अक्का! कुठं हाय?"

अक्कांनी केरसुणी थांबवली.

"घरात हाय," त्या म्हणाल्या. "या."